रॉकेलचा पंखा आणि उरलेला स्क्रू

माणिकराव, पंखा जोडून झाला आणि एक स्क्रू उरला.

पितळी आहे, चपट्या डोक्याचा, करंगळीच्या नखाएवढा. सगळं पुन्हा उघडून पाहिलं. प्रत्येक भोकात स्क्रू आहे, आणि हा तरीही माझ्या हातात. तुम्ही असता तर म्हणाला असता, "उरला तर उरला, लातूरकर. मशीनला नको असंल." तुम्ही नेमकं हेच म्हणाला असता याची मला इतकी खात्री आहे की तुम्ही नसतानाही त्या उत्तराचा राग येतो. माझं आयुष्य डाळ मिलच्या गोदामात माल मोजण्यात गेलं. माल कमी भरला तर कारण सापडतं. जास्त भरला तर माझी झोप उडते.

तुमच्या जाण्याची बातमी पेपरात आली. वय, नोकरी, मागे कोण कोण, सगळं बरोबर होतं; मजकूर मीच तपासून दिला होता. त्यात पंख्याचं काही नव्हतं. म्हणून हे लिहायला बसलो. आणि दुसरं कारण असं की मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तुम्ही मध्येच उठून गेलात.

आपण साडू. दोन बहिणींचे नवरे, एवढंच नातं. थोरली अक्का तुमची, धाकटी सुनंदा माझी. एरवी साडू लोक लग्नाकार्यात शेजारी बसतात, एकमेकांच्या आहेराकडे तिरक्या नजरेनं बघतात आणि आपापल्या गावी जातात. आपल्याला मात्र त्या पंख्यानं अडकवलं. सासरे गेले, कंधारचं घर विकलं, मामी म्हणजे आपल्या सासूबाई नांदेडला तुमच्याकडे राहायला आल्या आणि त्यांच्या सामानात हा पंखा निघाला. सासऱ्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादेहून आणलेला. वायर नाही, बटण नाही. खाली रॉकेलचा दिवा, दिव्यावर उभं नळकांडं. दिव्यानं आतली हवा तापते, फुगते आणि दट्ट्याला ढकलते. हवा गार झाली की दट्ट्या परत येतो. त्या येण्याजाण्यावर पितळेची चार पाती फिरतात. तुम्ही पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा मी म्हणालो होतो, "नांदेडच्या उन्हाळ्यात खोलीत आणखी एक दिवा पेटवायचा आणि गार व्हायचं?"

"हिशेब नका करू हो," तुम्ही म्हणालात. "बघा तर."

मी बघितलं. आणि मला आवडलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही ते अक्काला, सुनंदाला आणि गल्लीतल्या चहावाल्याला सांगितलं असतं.

परसातली तुमची ती पत्र्याची शेड. हातानं फिरवायचं शिवणयंत्र, चावीचा भोंगा, गोळीसोड्याच्या बाटल्या भरायचं यंत्र, दोन पेट्रोमॅक्स, आणि ज्याचं नावच आपल्याला कधी कळलं नाही असं एक लोखंडी धूड. मी विचारायचो, "यातलं चालू काय आहे?" तुम्ही म्हणायचे, "चालू व्हायला आलेत सगळे." हे उत्तर मी ऐकायला लागलो तेव्हा माझे केस काळे होते. तुमचं काम पुरं व्हायचंच नाही. यंत्र चालू होण्याच्या बेताला आलं की तुम्हाला त्यात काहीतरी ऐकू यायचं आणि तुम्ही ते पुन्हा उघडायचे. मी म्हणायचो, आधी एकदा चालवा, मग काय ते ऐका. तुम्ही पाना फिरवत म्हणायचे, "तुम्ही मोजून राहिले, मी ऐकून राहिलो. दोघंबी कामातच हाव की."

आणि तुमची ती माळ! त्या माळेपायी आपण जेवढे भांडलो तेवढे शेतीच्या वाटणीतही कोणी भांडलं नसेल. यंत्र उघडताना निघालेला प्रत्येक नट, वायसर, चकती, स्क्रू तुम्ही बाइंडिंगच्या तारेत ओवायचे, निघाला त्याच क्रमानं. जोडताना माळ उलट्या बाजूनं सोडवत यायचं. पत्र्याच्या भिंतीला खिळे आणि खिळ्यांना माळा. मी लातूरहून चिकटपट्ट्या, मार्कर आणि झाकणाच्या डब्या आणल्या. प्रत्येक डबीवर नंबर टाकून दिला. तुम्ही त्या डब्यांत बडीशेप ठेवली.

"चिठ्ठी निघून जाती. तार न्हाई निघत," तुम्ही म्हणालात.

"आणि तार तोडली कोणी तर?"

"तुमच्यासारखा पहारेकरी असताना कोण तोडतंय?"

हे तुमचं वाक्य मी पुढे परत काढणार आहे.

पंखा तुम्ही किती वेळा जोडला आणि किती वेळा उघडला, ते मोजणं मी सोडून दिलं. दर वेळी एकच व्हायचं. दिवा लावायचा, नळकांडं तापू द्यायचं, पात्याला हलका धक्का द्यायचा. पंखा फिरायचा. सुंदर फिरायचा, हे मान्य. टुक टुक असा बारीक आवाज, आणि चेहऱ्यावर खरोखरच वारा. आपण एकमेकांकडे बघेपर्यंत मंदावायचा आणि थांबायचा. मी म्हणायचो दट्ट्या झिजलाय, बाजूनं हवा गळते. मी कॅलिपर लावून फरक दाखवलाही. तुम्ही म्हणायचे गळती बुशात आहे, मधला दांडा ज्यातून सरकतो त्या पितळी कड्यात, आवाज तिथून येतो. माझा दट्ट्या, तुमचा बुश. रविवारी सकाळी नांदेडची गाडी पकडताना सुनंदा म्हणायची, "चालले का दट्ट्याला?"

आणि ते पातं. चार पात्यांपैकी एकाच्या कडेला टोकाजवळ खोलगट झीज होती. बाकीच्या तीन पात्यांपेक्षा ती कड पातळ होती. मी मापून सांगितलं तेव्हा तुम्ही चकित झालात, कारण तुम्हालाही ती अंगठ्याला लागली होती. मी म्हणालो, भिंतीला घासलं असेल. तुम्ही म्हणालात, भिंतीला घासलं असतं तर चारीही घासली असती. ते बरोबर होतं. मग काय, हे आपल्या दोघांनाही सांगता येईना. पात्याचा तोल गेलाय का, म्हणून तुम्ही समोरच्या पात्याला मेणाचा ठिपका लावून पाहिला. काही फरक पडला नाही.

या सगळ्या काळात मामी कुठे होत्या? ओसरीवर. शेडच्या दारासमोर. वाती वळत नाहीतर ज्वारी निवडत. आपल्याला बघून पदर पुढे घ्यायच्या आणि आत आवाज द्यायच्या, "अगं, जावईबापूंना विचार, चहा ठेवू का." अक्का आतून बाहेर यायची, तुम्हाला विचारायची, तुम्ही "हाव म्हण" म्हणायचे आणि अक्का ते मामींना सांगायची. बोलणारे दोघं समोरासमोर, आणि मध्ये अक्का पोस्टमन. तुमच्या घरात राहूनही त्या तुमच्याशी थेट बोलल्या नाहीत. तुम्हीही बोलला नाहीत. सासू-जावयानं असं उठून गप्पा मारायच्या नसतात, हे आपल्याकडे इतकं मुरलेलं की त्यात काही अडतंय असं कोणाला वाटलंच नाही.

मग फोन आला. तुम्ही शेडमध्येच पडलात. पंखा पुन्हा उघडलेला होता.

तिसऱ्या दिवशी लेथवाले खलीलभाई भेटायला आले. दारात उभे राहिले. मग खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. आत बारीक बुश होता, ताज्या पितळेचा. "भाई, उनो पिछले हफ्ते बोले थे बनाने को," ते म्हणाले. "मैं आज-कल, आज-कल करता रहा. अब किसकू दूँ?" मी घेतला. तुमचा बुश, माणिकराव. शेवटपर्यंत तुम्ही माझा दट्ट्या मानला नाहीत.

दहावा झाला आणि सुतक फिटलं म्हणून घर धुवायला काढलं. भावकीतल्या बाया मदतीला आलेल्या. अंथरुणं, भांडी, देव्हारा, सगळं. कोणीतरी शेडचं दार उघडलं. जिथं माणूस गेला ती जागा आधी धुवायला हवी, यात त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या माळा उतरवल्या. तारा पकडीनं कापल्या. पितळेचं सगळं चिंचेनं आणि राखेनं घासलं, लोखंडाचं रॉकेलनं पुसलं. कोणतं रॉकेल? तुम्ही पंख्यासाठी जपून ठेवलेलं, बाटलीवर "हात लावू नये" लिहिलेलं. रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून ती बाटली तुम्ही देवासारखी सांभाळली होती.

मी पोचलो तेव्हा अंगणात धुतलेल्या लुगड्यावर सगळं मांडून ठेवलं होतं. मोठ्यात मोठं, लहानात लहान, चार यंत्रांचं एकत्र, डाळी निवडून ठेवाव्यात तसं. उन्हात नुसतं चमकत होतं. एक मावशी मला म्हणाली, "बघा भाऊजी, कसं सोन्यावानी निघालं. किती वर्साचा मळ हो!" कोपऱ्यात कापलेल्या तारांचा ढीग पडला होता. तुमचा पहारेकरी लातूरला होता, माणिकराव, आणि तुमच्या तेराव्याच्या पोळ्यांचं सामान आणायला बाजारात गेला होता.

त्या संध्याकाळी अक्का म्हणाली, "भाऊजी, शेड मी रिकामी करून भाड्यानं देणार. मोडवाला सोमवारच्या सोमवार येतो. सगळं नेऊ द्या त्याला."

"पंखाही?"

"पंखा कुठंय? मला तर पितळ दिसून राहिलं." मग जरा थांबून म्हणाली, "आयुष्यभर म्हणाले, चालंल, चालंल. तुम्ही तरी चालवून दाखवा. चाललं तर ठेवीन. न्हाईतर मला रोज ते डोळ्यांसमोर नको."

मला तिचा राग आला नाही. राग तुमचा आला. एक ओळ लिहून ठेवली असती! एक खूण, एक चित्र, कशाला काय लागतं याचं एक टिपण. सगळं तारेत, आणि तार खिळ्याला. माणूस जातो हे तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्हीच तर म्हणायचे की जुन्या यंत्रात मजा ही की ज्यानं बनवलं तो गेलेला असतो आणि त्याला काही विचारता येत नाही. आता तुम्ही मला त्याच जागेवर आणून ठेवलंत. मजा वगैरे काही वाटली नाही.

लुगड्यात बांधून सगळं लातूरला आणलं. सोमवार मी अक्काकडून पुढचा मागून घेतला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. प्रत्येक स्क्रूची जाडी, प्रत्येक भोकाचं माप. शिवणयंत्राचं वेगळं, पेट्रोमॅक्सचं वेगळं. सुनंदानं आमची दोघांची ताटं जमिनीवर वाढली.

इथं एक कबूल करतो. मापानं अर्ध्यापर्यंतच जाता आलं. एकाच जाडीचे सहा स्क्रू आणि सहा भोकं असली की माप गप्प बसतं. मग मी एकेक लावून बघायला लागलो. एखादा दोन आटे जाऊन अडतो, आणि दुसरा त्याच भोकात असा सरकतो की बोटांना कळतं, हा इथलाच. इतकी वर्षं जवळजवळ राहून झिजलेले असतात ते. दट्ट्याच्या कानाला आतून डागाचा, म्हणजे झाळकामाचा, एक ठिपका होता, ओबडधोबड, कोणा कंधारच्या तांबटानं कधीकाळी दिलेला. तो मी बोटानं चाचपला आणि मला त्या माणसाची घाई कळली. गिऱ्हाईक दारात उभं असणार. माणिकराव, तुम्ही शेडमध्ये तासन्‌तास काय करत होता ते तेव्हा मला कळलं. इतके दिवस मला वाटत होतं तुम्ही यंत्र दुरुस्त करताय. तुम्ही लोकांना भेटत होता. मग आम्ही कोण होतो हो, जे जिवंतपणी दर रविवारी भाकरी बांधून यायचो?

पंख्याचं अडकलेलं चाक मोकळं झालं आणि नुसत्या फुंकरीनं फिरलं, त्या क्षणी मी खुर्चीतून उठलो आणि शेजारी बघितलं. शेजारी सुनंदाचा मिक्सर होता.

खलीलभाईंचा नवा बुश बसवला. दट्ट्याभोवती माझ्या मतानं ग्राफाइटचा दोरा गुंडाळला. तुमचंही ऐकलं, माझंही केलं. रॉकेल बिलोलीच्या एका ओळखीच्या माणसानं पाठवलं. तो अजून जत्रेत पेट्रोमॅक्स भाड्यानं देतो. आणि स्क्रू उरला, तो मी सांगितलाच.

घरी चालवून बघितलं नाही. मुद्दाम नाही. जिथं थांबत होता तिथंच चालावा असं वाटलं.

रविवारी नांदेडला ओसरीवर ठेवला. अक्का खांबाला टेकून बसली. मामी भिंतीकडे, पदर पुढे. मी दिवा लावला. नळकांडं तापू दिलं. पात्याला धक्का दिला.

फिरला. टुक टुक टुक. अक्कानं तोंडाला पदर लावला. मामींच्या कपाळावरची पांढरी बट हलली. मी मनात म्हणालो, बघा माणिकराव, दट्ट्या. आणि तो मंदावला. आणि थांबला.

मी वात वाढवली, पुन्हा धक्का दिला. फिरला, थांबला. तेल पुसलं, बुश सैल केला, पुन्हा. फिरला, थांबला. माझा घाम पंख्यावर टपकत होता. माझ्या तोंडून तुमच्या नावानं एक शब्द गेला. तो इथं लिहीत नाही. अक्का उठली. "राहू द्या भाऊजी. लई केलंत. उद्या सोमवार हाय."

तेव्हा मागून मामी बोलल्या. अक्काकडे बघून, नेहमीसारख्या.

"अगं, त्यांना म्हण, बोट लावा म्हणावं."

अक्काला कळेना. "काय लावा?"

"बोट. थांबला की बोट लावायचं. तो तसाच चालतो."

मी पहिल्यांदाच अक्काला मध्ये घेतलं नाही. वळून थेट विचारलं, "मामी, आधीपासून थांबायचा हा?"

त्यांनी पदर आणखी पुढे ओढला, पण उत्तर दिलं, आणि मलाच दिलं. "मी लगीन होऊन आले तवापास्नं. लाईट न्हवती घरात. ही तान्ही होती, घामोळ्यानं रडायची. तुमचे सासरे उशाशी हा घेऊन बसायचे. थांबला की बोट लावायचे. पुन्हा थांबला, पुन्हा लावायचे. पेपर वाचत वाचत. डोळा लागला तरी बोट चालूच राहायचं त्यांचं."

ही म्हणजे अक्का.

"मग मामी, माणिकरावांना सांगितलं का नाही कधी? तुमच्यासमोर एवढी वर्षं..."

"त्यांनी विचारलं कुठं?" मामी म्हणाल्या. "मला वाटलं, अजून कायतरी भारी करून राहिले. जावयाच्या कामात मी काय बोलू?"

मी ते पातं हातानं फिरवून समोर आणलं. चिंचेनं घासून चारीही पाती सारखीच चमकत होती. नुसतं बघून कळलं नसतं. पण कडेवरून तर्जनी फिरवली आणि ती त्या खोलगट जागी बसली. अगदी बसली. भिंत नव्हती ती, माणिकराव. तोलाचा दोषही नव्हता. आपले सासरे होते.

किती चिडावं माणसानं? मी कॅलिपर लावला, तुम्ही कान लावला, आणि ज्यांना माहीत होतं त्या दहा पावलांवर ज्वारी निवडत होत्या. एक प्रश्न. चहाला हो म्हणण्याऐवजी एक दिवस तुम्ही तो विचारायचा होता, नाहीतर मी. आता मला कळलंय आणि सांगायला तुम्ही नाही. सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं नाही कळलं. तुमचे रविवार कुठं गेले असते?" तिचं म्हणणं बरोबर असेल. तरी मला ते आवडलेलं नाही.

अक्का पंख्यासमोर मांडी घालून बसली. मी उठून बाजूला झालो. तिनं बोट लावलं. पंखा फिरला, मंदावला. तिनं पुन्हा लावलं. वारा मामींच्या बाजूला जाईल असा पंखा थोडा वळवून घेतला.

"चालतोय की, भाऊजी," ती म्हणाली. मागे वळून बघितलंही नाही.

याला चालणं म्हणत नाहीत. यंत्र स्वतःहून चाललं तर चाललं. बोटानं फिरवलं तर ती चक्री. मी हे तिला सांगणार होतो. मग सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मोडवाला आला तेव्हा तिनं त्याला शिवणयंत्र दिलं, धूड दिलं आणि पंख्याकडे बोट करून म्हणाली, "ते घरातलं हाय."

माझं मत मात्र कायम आहे, माणिकराव. दट्ट्या गळतो. ग्राफाइटऐवजी चामड्याची चकती करून बघणार आहे. खलीलभाईंना माप दिलंय. पुढच्या रविवारी उघडतो. मामींशेजारी बसूनच उघडणार आहे, विचारत विचारत. निघालेला प्रत्येक भाग तारेत ओवीन. आणि सगळ्यात आधी हा स्क्रू.